न पिणाऱ्याची बिअर

ट्रुगानिना या उपनगरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यात मन लावून बिअर बनवणारा माणूस स्वतः थेंबभरही पीत नाही. मिलिंद साठे, माझा समोरचा शेजारी. नुसता वास घेतो, ग्लास उजेडात धरून रंग बघतो आणि माझ्या हातात देऊन म्हणतो, "घे. आणि खरं सांग."

मिलिंद विमानं दुरुस्त करतो. म्हणजे करायचा; विमानं जमिनीवर बसली तसा तोही घरी बसला. बायको सुजाता आईच्या ऑपरेशनसाठी महिनाभर म्हणून पुण्याला गेली आणि मागे कोविडमुळे इकडच्या देशाच्या सीमा बंद झाल्या. "ती यायच्या आत एक तरी बॅच पिण्यासारखी झाली पाहिजे," एवढंच त्याने जाहीर केलं आणि गॅरेजात प्लास्टिकचं पिंप आणून ठेवलं. लॉकडाउनमध्ये एकट्या राहणाऱ्याला घरी येण्यासाठी एक माणूस निवडायची परवानगी मिळाली, तेव्हा त्याने मला निवडलं. मला अगदी भरून आलं.

"तू जवळ राहतोस," तो म्हणाला, "आणि काहीही पितोस."

पहिली बॅच थंडीने गेली. यीस्ट जागंच होईना. दुसरीला त्याने गोधडी गुंडाळली, तर तिला ओल्या पुठ्ठ्याची चव आली. तिसरी माझ्या बायकोने सिंक साफ करायला मागून नेली. "नो वरीज," मिलिंद वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "चूक सापडली ना? मग लाव पुढची."

त्याच्या धंद्यात एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, असा नियम. तोच त्याने गॅरेजात आणला. चमचा धुतला, माझी सही. नळी धुतली, माझी सही. मी आयटीतला, दुसऱ्याचं काम न वाचता 'ओके' म्हणण्यात पंधरा वर्षं घालवलेली. सह्या मला झकास जमल्या.

चौथी बॅच सुरेख उतरली. आता बाटल्या भरायच्या आणि फेस धरावा म्हणून प्रत्येकीत छोटा चमचाभर साखर घालायची. चोवीस बाटल्या. तेवढ्यात सुजाताचा फोन आला आणि मिलिंद आत गेला. साखर माझ्याकडे, कानात ऑफिसची मीटिंग. बाराव्या बाटलीला मॅनेजरने माझं नाव घेतलं. मी म्यूट काढून "येस, अग्रीड" म्हणालो (कशाला, ते अजून कळलेलं नाही) आणि पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली. मग वहीत करणारा आणि तपासणारा, दोन्ही रकान्यांत मीच सही ठोकली.

आठव्या दिवशी दुपारी गॅरेजात धडाधड स्फोट सुरू झाले. "यू ऑलराइट, मेट?" पलीकडची म्हातारी कुंपणावरून ओरडली. नेमकं त्याच सकाळी सुजाताला तिकीट मिळालं होतं. तीन आठवड्यांत ती घरी. तेवढ्यात नवी बॅच होणं शक्य नव्हतं.

"पहिल्या बारांत साखर दोनदा पडली, आणि वहीत दोन्ही सह्या माझ्या आहेत," मी गेल्या गेल्या कबूल केलं. "झाप मला."

मिलिंद गुडघ्यांवर बसून बाटल्या मोजत होता. "बारा वाचल्यात. बास झाल्या."

मला राहवेना. "पण लेका, तू पीत नाहीस. एवढा आटापिटा कोणासाठी?"

"सुजाताला आवडते." तो काचा वेचत राहिला. "कोणाकडे गेलो की ती एक ग्लास घ्यायची, आणि येताना मी गाडीत एक शब्द बोलायचो नाही. अशी कितीतरी वर्षं. मग तिने घेणंच सोडलं. मी कधी 'घेऊ नको' म्हणालो नव्हतो रे. पण सोडलं."

मग त्याने वाचलेल्यांपैकी एक बाटली उघडली, ग्लास भरला आणि माझ्याकडे न देता स्वतःच तोंडाला लावला. कडू काढा पाजल्यासारखा त्याचा चेहरा झाला, डोळ्यांत पाणी आलं. तरी त्याने दुसरा घोट घेतला.

"अरे, राहू दे," मी म्हणालो. "तुला सवय नाही."

"तीन आठवडे आहेत ना," मिलिंद म्हणाला. "तिच्यासोबत बसेन तेव्हा तोंड वाकडं व्हायला नको."