एकतिसाव्या मिनिटाचं प्रेत

एरिन हॅलिवेलने मंगळवारी तिसऱ्या तासाला तोंड उघडलं, आणि ते उघडलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे तिला बरेच दिवस वाटत राहिलं.

तास मीडिया स्टडीजचा होता. परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. अभ्यासक्रमात दोन गुन्हेगारी मालिका होत्या, एक आजकालची आणि एक १९७४ सालची, 'इन्स्पेक्टर थ्रेलफॉल'. जुन्या मालिकेचा नेमलेला भाग नेमका त्यांच्याच गावात, ब्रॅकनशॉमध्ये, शाळेपासून दहा मिनिटांवरच्या कालव्यावर चित्रित झालेला होता. मुलांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्या भागात तीस मिनिटं रेनकोट घातलेली माणसं जिने चढतात आणि सिगारेटी ओढतात. एकतिसाव्या मिनिटाला एकदाचं प्रेत सापडतं, तेही पालथं.

मिस मिर्झांनी तिथेच चित्र थांबवलं.

"बघा. दिग्दर्शकाने चेहरा दाखवलेला नाही. का नसेल दाखवला?"

मुलं घड्याळाकडे बघू लागली. शेवटी एरिन म्हणाली, "मिस, ते आमचे आजोबा आहेत."

"कोण?"

"ते प्रेत."

मिस मिर्झा तीन वर्षं हा भाग शिकवत होत्या. त्यातला खुर्ची-टेबलापासून हवेतल्या धुक्यापर्यंत प्रत्येक तपशील त्यांना पाठ होता, पण त्यात काम केलेलं माणूस त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातातला रिमोट खाली पडला.

"ते आहेत? म्हणजे... हयात आहेत?"

"हो मिस. आज दाताच्या डॉक्टरकडे गेलेत."

ट्रेव्हर हॅलिवेल प्रेत झाले होते ही गोष्ट घरात नवी नव्हती. लग्नात, बारशात, बोलिंग क्लबच्या वार्षिक जेवणात ती सांगितली जायचीच. गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तर ते गालिच्यावर पडून प्रात्यक्षिकही दाखवायचे. पण शाळेतून रीतसर बोलावणं म्हणजे वेगळी गोष्ट होती. शुक्रवारी ते दाढी करून, ऐन मे महिन्यात रेनकोट चढवून वर्गात हजर झाले.

"मरायला काही लागत नाही, पोरांनो," ते म्हणाले. "खाली पडलं की झालं. मेलेलं राहणं, त्यात खरी कला आहे. दिग्दर्शक मला म्हणाला, हॅलिवेल, तुझ्यासारखं निपचित पडणारा माणूस मी लंडनमध्येसुद्धा बघितला नाही."

मिस मिर्झा भराभर लिहून घेत होत्या. वर्ग पहिल्यांदाच जागा होता. तेवढ्यात हम्झाने हात वर केला. हम्झा हा मुलगा चित्र पुढे-मागे करून दर सेकंदाला काय दिसतं याची वही ठेवायचा.

"आजोबा, एक विचारू? प्रेताचा डावा हात दोन सेकंद दिसतो. तो फार लहान आहे."

"तेव्हा मी बारीक होतो."

"पण बोटंही आखूड आहेत."

"थंडी केवढी होती! गारठ्यात बोटं आखडतात, बाळ."

वर्ग हसला. हम्झाने ते उत्तर वहीत लिहून घेतलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

तिथे थांबला असता तर तो हम्झा कसला? शनिवारी तो टेप घेऊन कालव्यावर गेला. काठाच्या फरशा १९७४ पासून कोणी बदललेल्या नव्हत्या. प्रेत किती फरशांवर पसरलंय ते त्याने मोजलं आणि रविवारी सकाळी एरिनला फोन केला.

"पाच फूट तीन इंच. तुझे आजोबा किती?"

"पाच फूट दहा."

"पालथं पडल्यावर माणूस सात इंच कमी होतो का गं?"

"मला काय विचारतोस? मी कधी मेले होते?"

खरं-खोटं शोधायला हम्झाने मग गावाच्या फेसबुक ग्रुपवर ते थांबवलेलं चित्र टाकलं आणि वर लिहिलं, "कालव्यावरचं हे प्रेत कोणाचं आहे, कोणी ओळखतं का?" मालिकेचं नाव लिहायला तो विसरला. दुपारपर्यंत एकशे चाळीस प्रतिक्रिया आल्या. अकरा जणांनी पोलिसांना कळवलंत का असं विचारलं, एका बाईने कुत्र्याला फिरवायला आता दुसरीकडे न्यायचं जाहीर केलं, आणि एकाने कालव्याची साफसफाई हल्ली अजिबात होत नाही अशी तक्रार केली. हम्झाने घाईघाईने मालिकेचं नाव घातलं, पण तोवर चित्र पोचायचं तिथे पोचलं होतं.

सोमवारी सकाळी शाळेच्या स्वागतकक्षात काठी टेकत एक उंच म्हातारे गृहस्थ आले.

"नेव्हिल डक्सबरी," ते म्हणाले. "मी प्रेत. वर्ग कुठे आहे?"

नेव्हिल पंचवीस वर्षं मोरकॅमला समुद्राकाठी राहत होते. बायको गेल्यावर गेल्या हिवाळ्यात ते गावी परतले होते. तरुणपणी ते आणि ट्रेव्हर एकाच गिरणीत कामाला होते. कालव्यावर पडायला दोघांनाही निवडलं होतं, यात वाद नव्हता. पडलं कोण, इथे वाद होता.

"तो ट्रेव्हर पडला होता, नाही म्हणत नाही," नेव्हिल मिस मिर्झांना म्हणाले. "पण त्याला शिंक आली. मेलेला माणूस शिंकतो का? मग मला पाडलं."

हे एरिनने घरी सांगितलं तेव्हा ट्रेव्हरनी चहाचा कप असा ठेवला की बशीला तडा गेला.

"नेव्हिल? तो पडल्या पडल्या घोरायला लागला होता! म्हणून मला परत बोलावलं. डोरीन, तू होतीस ना तिथे? सांग हिला!"

डोरीन आजी ओट्याशी बटाटे सोलत होत्या. "मी बेकरीतून पॅटिस घेऊन आले होते," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष पॅटिसकडे."

"बघितलंस! पॅटिसकडे!" ट्रेव्हर गरजले. "पन्नास वर्षं लोकांना सांगत आलोय मी. आता क्लबात कोणत्या तोंडाने जाऊ?"

एरिनला रडू यायचं बाकी होतं. परीक्षेत इन्स्पेक्टर थ्रेलफॉलबद्दल काय लिहायचं याचा तिने चार दिवसांत विचारच केलेला नव्हता.

तोडगा मिस मिर्झांनी काढला, आणि वर्गाला तो अभ्यास म्हणूनच पटला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी दोन्ही आजोबांनी शाळेच्या सभागृहात फरशीवर तसंच पालथं पडायचं, त्याच कोनातून त्यांचे फोटो काढायचे आणि मूळ चित्राशी ताडून पाहायचे.

बुधवारी दोघे रेनकोट घालून समोरासमोर उभे राहिले. पंचवीस वर्षांनी भेटत होते.

"जाड झालास," ट्रेव्हर म्हणाले.

"तू बुटका झालास," नेव्हिल म्हणाले.

"आधी मी पडतो."

"तू आधीच पडला होतास, म्हणून तर शिंकलास."

शेवटी दोघांना एकदमच झोपवलं. मिस मिर्झा टेबलावर चढून फोटो काढू लागल्या. हम्झा टेप लावून मापं घेत होता. बाकीची वीस मुलं वह्या घेऊन भोवती उभी होती.

"मिस्टर डक्सबरी, श्वास जरा कमी घ्याल का?" मिस मिर्झा म्हणाल्या. पण नेव्हिल डक्सबरी झोपी गेले होते. इकडे ट्रेव्हरचा नवा गुडघा खाली पडतानाच अडकला होता. कळ मस्तकात जात होती, पण नेव्हिलच्या आधी हलायचं नाही या जिद्दीने ते दात आवळून पडून होते आणि चेहरा हळूहळू पांढरा पडत होता.

अशा वेळी कँटीनच्या मिसेस पिलिंग जेवणाची टेबलं मांडायला आल्या. दोन म्हातारे निश्चल पडलेत, शिक्षिका टेबलावर चढून फोटो काढतेय, एक मुलगा टेपने लांबी मोजतोय, आणि वर्ग शांतपणे नोंदी करतोय, हे त्यांनी दारातूनच पाहिलं. बाई डोक्याने शांत होत्या. त्यांनी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि मग किंचाळल्या.

ॲम्ब्युलन्सवाले सात मिनिटांत आले.

"यातलं कोण?" पुढच्या माणसाने विचारलं.

"तेच तर ठरवतोय," हम्झा म्हणाला.

छातीला गार नळी लागताच नेव्हिल दचकून उठले आणि "झालं का? घेतलं का?" असं विचारू लागले. ट्रेव्हरना मात्र उठता येईना. रक्तदाब मोजला तर तो भलताच चढलेला. त्यांना स्ट्रेचरवर घालून नेलं. जाताना ते मान वर करून मिस मिर्झांना ओरडले, "मी हललो नाही! लिहून ठेवा! मी हललो नाही!"

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एरिन आणि डोरीन आजी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. आत तपासण्या चालल्या होत्या. एरिनचे डोळे रडून सुजले होते.

"माझ्यामुळे झालं, आजी. मी गप्प बसायला हवं होतं."

"त्याला वर्गात बोलायला मिळालं ना? गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता. पूस नाक."

एरिनच्या फोनवर हम्झाचा निरोप आला. 'मापं झाली. दोघंही नाहीत. दोघंही निदान सहा इंचांनी जास्त. बरे आहेत ना गं आजोबा?' एरिनने तो दोनदा वाचला आणि आजीसमोर धरला.

"आजोबा खोटं बोलत होते का गं?"

"ट्रेव्हर? छे. त्याला खोटं बोलता येत असतं तर मी त्याच्याशी लग्न केलं असतं का? तो पडला होता, नेव्हिलही पडला होता. दोघंही सकाळी, तालमीला."

"आणि खरं चित्रीकरण?"

"ते दुपारनंतर. दिग्दर्शकाला हवं होतं ते धुकं उतरेना म्हणून चार तास खोळंबा झाला. हे दोघे पबमध्ये जाऊन बसले. कॅमेरा लागला तेव्हा कालव्याचे दरवाजे सांभाळणाऱ्याच्या खोलीमागे गवतात दोघे आडवे. गालावर थापट्या मारल्या, पाणी मारलं, उठायला तयार नाहीत. उजेड चाललेला, दिग्दर्शक टोपी आपटतोय."

"मग कोणाला घेतलं?"

डोरीन आजींनी कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. पर्स मांडीवर नीट ठेवली.

"मला."

एरिनने आजीला डोक्यापासून पायांपर्यंत नजरेनेच मोजलं.

"मी पॅटिसचा ट्रे घेऊन उभी होते. एक पोरगा आला, म्हणाला, बाई, तुम्हाला दहा मिनिटं गप्प पडता येईल का? म्हटलं, भाऊ, बेकरीत पहाटे चारपासून उभी आहे, दहा मिनिटं पडायला मिळतंय तर नाही कशाला म्हणू? रेनकोट घातला, केस कॉलरमध्ये कोंबले, टोपी चढवली. एका दमात झालं काम. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या."

"म्हणजे ते 'लंडनमध्येसुद्धा बघितला नाही' वगैरे..."

"ते मला म्हणाला. मी त्या रात्री ट्रेव्हरला सांगितलं, की दिग्दर्शकाने प्रेताचं असं कौतुक केलं. त्याला वाटलं त्याचंच. त्याला सकाळचं पडलेलं तेवढं आठवत होतं."

"आणि तू काहीच बोलली नाहीस? पन्नास वर्षं?"

"बोलणार होते गं. पण टीव्हीवर लागलं त्या दिवशी त्याच्या आईच्या घरी सगळी गल्ली जमलेली. प्रेत दिसल्याबरोबर ट्रेव्हर उडी मारून ओरडला, 'तो मी!' त्याची आई रडायला लागली. माणसं त्याला खांद्यावर घ्यायला निघाली. त्याच भरात त्याने मला स्वयंपाकघरात गाठून लग्नाचं विचारलं. आता सांग, त्याला तिथे काय म्हणायचं? हो म्हणायचं, की ते प्रेत मी आहे म्हणायचं?"

एरिनला हसू फुटलं, ते आवरेना. आजीही हसल्या, पण तोंडावर हात ठेवून.

"आजोबांना सांगू या?"

"खबरदार!" डोरीन आजी म्हणाल्या. मग जरा थांबून, हळूच त्यांनी विचारलं, "तुमच्या वर्गात त्या प्रेताबद्दल काय म्हणतात गं? म्हणजे, काम बरं वाटतं का?"

ट्रेव्हर संध्याकाळी गोळ्या घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी नेव्हिल द्राक्षं घेऊन भेटायला आले, आणि दोघांनी मिळून तीन तासांत प्रकरण मिटवलं. वरचा अर्धा भाग ट्रेव्हरचा आणि कमरेखालचा नेव्हिलचा, वेगवेगळ्या वेळी घेऊन जोडलेला. त्या काळी असं करायचे, असं नेव्हिलनी छातीठोकपणे सांगितलं. डोरीन आजींनी दोघांना चहा दिला.

पुढच्या मंगळवारी परीक्षा झाली. सभागृहात पडदा लावला होता. दिवे मंदावले आणि एकतिसावं मिनिट सुरू झालं. हम्झाने मागे वळून एरिनकडे पाहिलं. एरिन समोर पाहत होती. तिच्या आयुष्यात तिने तो भाग पंचवीसेक वेळा पाहिला होता, पण आज पहिल्यांदा तिला ते धुकं, तो काठ आणि ते धड श्वासही न घेणारं वीस वर्षांचं माणूस दिसलं.

तिसरा प्रश्न होता, 'या प्रसंगात स्त्रियांचं चित्रण कसं केलं आहे?'

आजूबाजूला पेनं धावू लागली. उत्तर सोपं होतं, वर्गात करून घेतलेलं: प्रसंगात एकही स्त्री नाही, आणि तेच त्या काळाबद्दल बरंच सांगतं. एरिनने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं. आजीने खबरदार म्हणून बजावलं होतं. पण पेपर तपासणारा कुठल्या तरी लांबच्या गावचा होता. तो बोलिंग क्लबात येणार नव्हता. तिने लिहिलं, 'या प्रसंगात एकच स्त्री आहे. ती सगळ्यांच्या समोर आहे आणि कोणालाच दिसत नाही. बाकी सगळे पुरुष आहेत, ते तिच्याभोवती उभे राहून बोलतात. प्रसंगातलं सगळ्यात चांगलं काम तिचं आहे.' पुढे तिने दीड पान लिहिलं आणि पुरवणी मागितली.

ती घरी आली तेव्हा ट्रेव्हर दारातच उभे होते. "काय? आलो का पेपरात?"

"आलात की. पूर्ण प्रसंगच दाखवला."

"खरं? इतक्या मुलांसमोर?" ते घाईघाईने खुर्चीत बसले. "मग? कसं वाटलं? खरं सांग हं, आजोबा आहे म्हणून चांगलं सांगू नकोस."

डोरीन आजी टेबल पुसत होत्या. फडकं जागच्या जागीच थांबलं.

"फारच छान," एरिन म्हणाली. "कोणी म्हणून हललं नाही हॉलमध्ये. इतकं निपचित पडणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही."

"ऐकलंस, डोरीन?" ट्रेव्हर म्हणाले.

"ऐकलं," डोरीन आजी म्हणाल्या, आणि आधीच लख्ख असलेलं टेबल त्यांनी पुन्हा एकदा पुसून काढलं.