पुंडलिककाकांचा डिप्पर

हेडलाइट घ्यायला आलेला कोणताही माणूस स्टेअरिंगमागे बसतो आणि समोरच्या भिंतीवर उजेड किती पडतो ते पाहतो. आमचे बडनेऱ्याचे पुंडलिककाका मात्र दुकानातलं स्टूल उचलून आपल्याच पिकअपच्या बंपरसमोर मांडतात, त्यावर ताठ बसतात आणि ओरडतात, "हां, आता लाव!"

दिवा लागतो. काका त्या झोतात डोळे ताणून पाहतात. मग डोळ्यांतलं पाणी दुपट्ट्याने टिपून निकाल देतात, "नाई जमत. दुसरा दाखव."

अमरावतीचे दुकानदार रफिकभाई हात जोडतात. "काका, गाडी तुमाले चालवाची हाय का सोताच्या अंगावर घालाची हाय?"

"लाइट मांगं बसून पाहाचा नसते, रफिकभाई. समोरच्याले बी डोये असतात."

हे शेवटचं वाक्य म्हणजे काकांचा धर्म. समोरून ट्रक येवो, बैलगाडी येवो की सायकल, काका झोत खाली घेणार, डिप्पर देणार. एकदा तर रस्त्यात बसलेल्या म्हशीला दिला. मी हसलो तर म्हणाले, "हस नोको. थे बी समोरचीच हाय."

मी त्यांचा शेजारी. पत्रकं काढतो. डोळे जाळणारे पांढरे दिवे लावून रस्त्यावर फिरणाऱ्यांविरुद्ध मी एक पत्रक काढलं होतं. ज्याला स्वतःपुढे दिवस हवा आणि दुसऱ्यापुढे अंधार, तो वाहनचालक नव्हे, लुटारू आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्यातला एक शब्दही मला आज मागे घ्यायचा नाही. आणि सभ्य चालक कसा असावा, असं कोणी विचारलं की मी काकांकडे बोट दाखवत असे.

तेच काका एचआयडी किट, म्हणजे तसल्याच पांढऱ्या दिव्यांचा संच, शोधत आहेत हे कळलं तेव्हा मी तावातावाने त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. "काका, तुम्हीसुद्धा?"

"तुहं पत्रक वाचलं म्या. बराबर हाय," काका शांतपणे म्हणाले. "पण जुना लाइट मेणबत्तीवानी झाला. पहाटे सडक दिसून नाई राहिली."

काका अंधारातच निघतात आणि नांदगाव पेठेच्या पलीकडून संत्री आणतात. मी म्हणालो, "मग उजाडल्यावर निघत जा. माल काही पळून जात नाही."

"उजाडल्यावर नाई जमत," एवढं बोलून काका आत गेले.

तेव्हापासून काकांनी लुटारू होऊ नये म्हणून मी प्रत्येक खेपेला सोबत जाऊ लागलो. आम्ही अकोल्याची दुकानंही पालथी घातली. एक किट निळसर निघालं. "हा उजेड हाय का नीळ?" दुसरं पूर्ण पेटायला वेळ घ्यायचं. "हे तं जांभई देऊन उठते." तिसऱ्यात झोत वरखाली होण्याची सोयच नव्हती. त्या वेळी काका खरोखर संतापले. "डिप्पर नाई? मंग मानसानं मानसासंगं बोलाचं कसं?"

हे वाक्य मी पुढच्या पत्रकात मोठ्या टायपात छापलं.

शेवटी रफिकभाईंनीच एक किट काढलं. त्याची नळी पुढेमागे सरकायची, त्यामुळे डिप्पर यायचा. माझ्या आग्रहावरून झोतही खाली बांधला. काकांनी स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा दोन दोन डिप्पर मारायला लावले. "हां," ते म्हणाले, "हे बोलते."

दुसऱ्या पहाटे पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो. अमरावती मागे पडली. समोरून एका मोटारसायकलचा दिवा येऊ लागला, तसे काका पुढे झुकले. त्यांनी दोनदा डिप्पर दिला. मोटारसायकल तशीच सुसाट निघून गेली. काकांचा हात मात्र डिप्परच्या दांडीवरच राहिला.

"कोण होतं?"

"गजू."

गजू म्हणजे काकांचा मुलगा. 'हा खटारा भंगारात द्या, बाबा,' असं तो म्हणाला होता आणि 'मंग मले बी संगं दे,' असं काका म्हणाले होते. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. गजू नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला आणि रेल्वेपलीकडे खोली करून राहिला. हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"रातपाळी करून थो याच वक्ताले परत येते," काका रस्त्याकडे पाहत म्हणाले. "म्या दोनदा देतो, थो एकदा देते. पोरगं धड हाय हे मले समजते. बाप धड हाय हे त्याले समजते. बस."

"आणि आज?"

"आज नाई देल्ला."

माझ्या मांडीवर शेकडो शब्द छापलेले पडले होते. त्यातला एकही कामाचा नव्हता. काका गाडी हळू हळू चालवत राहिले.

मग मागून हॉर्न वाजला. एक मोटारसायकल आम्हाला ओलांडून पुढे आडवी थांबली. गजूने हेल्मेट काढलं. धापा टाकत तो काकांच्या खिडकीशी आला.

"बाबा, लाइट बदलला काय?"

काकांनी मान हलवली.

"आपला पिवळा लाइट दिसलाच नाई. जीव खालवर झाला माहा. मंग ध्यानात आलं, आत्ता एक पांढरा लाइटवाला दोनदा डिप्पर देऊन गेला. पांढरा लाइट लावून डिप्पर देनारा मानूस या सडकेवर दुसरा कोन राहीन? म्हनून माघारी फिरलो."

काका त्याच्याकडे न पाहता काचेतून सरळ पुढे पाहत होते. "डोये दिपले काय बे तुहे?"

"जरासे."

"समोर उभा राय. नीट पाय."

गजू बंपरसमोर जाऊन उभा राहिला. काकांनी दोनदा डिप्पर दिला. गजू वाकला, त्याने डावा दिवा हाताने चाचपला. "हा बाजूचा वर हाय, बाबा. पेचकस द्या. मी करतो."

काकांनी सीटखालून पेचकस काढला आणि स्वतः उतरून त्याच्या हातात दिला.

हळूहळू तांबडं फुटलं. संत्र्यांच्या गाड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. गजू उगाचच सावकाश स्क्रू फिरवत होता आणि काका त्याच्या डोक्यावर वाकून सांगत होते, "अजून खाली. समोरच्याले बी डोये असतात."

लख्ख उजाडलं, तरी काकांनी दिवे बंद केले नाहीत.