नारिंगी जाकीट सोडू नका!

"सात गावं! संध्याकाळी सहाच्या आत सात गावं बघून घरी परत! आणि तेही एकाही माणसाला रस्ता न विचारता!"

रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या एकाच पायात मोजा होता. दुसरा ते अर्ध्या तासापासून शोधत होते आणि तो त्यांच्या खांद्यावर होता.

चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. निम्म्या गावाला त्यांच्यामुळे नीट दिसायचं. स्वतःला मात्र रस्त्यावरची पाटी दिसेल तर शपथ! डोळे उत्तम होते, पण पाटी वाचायची असते हेच त्यांना मान्य नव्हतं. "नकाशा इथे असतो," असं म्हणून ते कपाळावर बोट आपटत. त्या नकाशाने आजवर त्यांना तीन लग्नांत जेवणं आटोपल्यावर पोहोचवलं होतं. चौथ्या लग्नात वेळेवर पोहोचले, पण ते लग्न दुसऱ्याच कोणाचं होतं.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात हेडसिस्टर. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. बत्तीस खाटांचा वॉर्ड एका नजरेत गप्प करणारी बाई! त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी पेशंट न सांगता कडू औषध गिळायचे. गेले तीन महिने त्यांना एकही रविवार मिळाला नव्हता. घरी आल्या की चहाचा कप हातात धरून भिंतीकडे बघत बसायच्या, चहाचं पार पाणी होईपर्यंत. बायको शेवटची खळखळून कधी हसली, हे चष्मेवाल्यांना बरेच दिवस आठवत नव्हतं. पण हे तोंडाने बोलतील तर ते चष्मेवाले कसले! ते फक्त म्हणाले, "जरा हवापालट करू."

वाहन होतं एका रिटायर्ड मास्तरांकडून घेतलेली मोटरसायकल. चष्मेवाल्यांच्या लग्नापेक्षा वयाने मोठी. ताशी पंचविसाच्या वर गेली की हिवताप भरल्यासारखी कापायची आणि आवाज असा की पिठाची गिरणी लाजावी! सेलमध्ये चष्मेवाल्यांनी दोन नारिंगी जाकिटं घेतली होती. ती घालून दोघं निघाले तेव्हा पेट्रोल पंपावरच्या माणसाने सहानुभूतीने विचारलं, "कुठे रस्ता खचलाय का?"

पहिलं गाव छान पार पडलं. तळं बघितलं, तळ्यात पाणी नव्हतं. "हिशोबात एक गाव झालं!" चष्मेवाले म्हणाले आणि दुसऱ्या गावाकडे वळले.

दुसऱ्या गावाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा बांबू टाकला होता. बांबूवर पाटी होती.

"अहो, पाटी वाचा," सिस्टरबाई म्हणाल्या.

"कोणीतरी रंग दिला असेल, ओला असेल," असं म्हणत चष्मेवाले उतरले. बांबू उचलून त्यांनी मोठ्या ऐटीत बाजूला ठेवला. बांबूला ती जागा पटली नाही. तो घरंगळला आणि शेजारच्या घराच्या कट्ट्यावर मांडलेल्या कुंड्यांवर जाऊन पडला. फट्! फट्! फट्! तीन कुंड्या!

"अहो!"

"बस, बस, पटकन बस!"

गल्ली ओलांडून गाडी चौकात येते न येते तोच समोरून एक जाडजूड मिशांचे, गळ्यात शिट्टी अडकवलेले गृहस्थ हात हलवत धावत आले. चष्मेवाल्यांचं काळीज पायाच्या अंगठ्यात गेलं. पण शिट्टीवाले रागावलेले नव्हतेच!

"आलात का एकदाचे! आम्ही कधीपासून वाट बघतोय! व्हा पुढे, व्हा पुढे!"

शिट्टीवाल्यांनी स्वतःच्या हाताने गर्दी बाजूला केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजीबाईंनी तर सिस्टरबाईंच्या गुडघ्यावर थोपटलं.

"बघितलंस?" चष्मेवाले हेल्मेटच्या आत फुलून आले. "लहान गावांत माणसाची किंमत असते!"

मागे कोणीतरी गाडीच्या कॅरिअरला काहीतरी खोचलं. ते बघायला सिस्टरबाई वळल्या आणि त्याच क्षणी कानठळ्या बसवणारा आवाज आला. ठो!

चष्मेवाल्यांनी दचकून क्लच सोडला. गाडी सशासारखी उडाली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी आरशात बघितलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

मागे माणसंच माणसं! सायकलींवर! हँडलवर वाकलेली, दात-ओठ खात पायडल मारणारी किमान चाळीस माणसं थेट त्यांच्याच दिशेने येत होती!

"तीन कुंड्यांसाठी चाळीस माणसं!" चष्मेवाले किंचाळले.

सिस्टरबाईंना मात्र सगळा प्रकार समजला होता. कॅरिअरला खोचलेल्या झेंड्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सायकल शर्यत – पायलट'. चाळीस स्पर्धकांना सकाळीच बजावलेलं होतं, पुढे पायलट वाट दाखवेल, काहीही झालं तरी नारिंगी जाकीट सोडू नका!

"अहो, शर्यत आहे ही!" त्या ओरडल्या. त्यांचा आवाज वॉर्डाच्या या टोकाचा त्या टोकाला जायचा, पण मधे एक इंजिन आणि दोन हेल्मेटं होती.

"सरबत? अगं, ही काय वेळ आहे? पुढच्या गावात घेऊ!"

"मागे झेंडा लावलाय, झेंडा!"

"थंडी? चेन वर ओढ जाकिटाची!"

सिस्टरबाईंनी त्यांच्या पाठीवर दोन गुद्दे घातले. बायकोही घाबरली आहे, असा अर्थ काढून चष्मेवाल्यांनी गाडी अठ्ठाविसावर नेली.

पुढे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. उजव्या फाट्यावर चार-पाच जण लाल फडकी हलवत उभे होते. "इकडून! इकडून या!" ते ओरडत होते.

"अरे बापरे, इथेही माणसं पेरलीत!" म्हणत चष्मेवाल्यांनी गाडी डावीकडे घातली.

फडकीवाले हात वर करून मागे धावले. पण चाळीस सायकलस्वारांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नारिंगी जाकीट डावीकडे गेलं ना? मग विषय संपला!

त्यानंतर काय सांगावं! तिसऱ्या गावाच्या बाजारातून ही वरात गेली. एक न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस तसाच ठेवून बघायला बाहेर आला आणि मागोमाग ते गिऱ्हाईकही आलं. चौथ्या गावात रस्ता एका विटांच्या भट्टीत शिरून संपला. चष्मेवाले भट्टीला वळसा घालून आल्या वाटेने बाहेर पडले. मागून चाळीस सायकलींनीही इमानेइतबारे भट्टीला वळसा घातला. सायकलस्वारांपैकी एक बेकरीवाले होते. त्यांचं पोट हँडलच्या आधी वळायचं. तेसुद्धा धापा टाकत म्हणाले, "यंदा मार्ग फार विचार करून आखलाय!"

आणि मग चढ लागला.

दोन माणसं घेऊन चढायचं म्हटल्यावर मोटरसायकलने जीव टाकला. पंचविसाची पंधरा झाली, पंधराची आठ. एक सायकल हळूहळू शेजारी आली. तिच्यावर खारकेसारखा वाळलेला एक पोस्टमन होता. सगळ्यात पुढे तोच होता.

"साहेब," त्याने धापा टाकत विचारलं, "किती राहिले?"

हेल्मेटच्या आत चष्मेवाल्यांना ऐकू आलं, 'किती फोडल्या?' हा माणूस कुंड्या मोजायला आलाय! चष्मेवाल्यांचा बांध फुटला.

"तीन! देवाशपथ, तीनच!"

पोस्टमनचा चेहरा उजळला. मागे वळून त्याने आरोळी ठोकली, "तीनच किलोमीटर राहिले रे!"

चाळीस घशांतून जल्लोष उठला. सगळे सीटवरून उठून उभे राहिले आणि असे सुटले की चढावरच्या बकऱ्यांनी रस्ता सोडला. मोटरसायकल मात्र शेवटची खोकली आणि बंद पडली. "धन्यवाद, पायलटसाहेब!" असं ओरडत एकेक सायकल शेजारून निघून गेली. बेकरीवाले तर जाता जाता सलामही ठोकून गेले.

सिस्टरबाई उतरल्या. त्यांनी नवऱ्याचं हेल्मेट बाटलीचं बूच काढावं तसं उपटून काढलं आणि झेंडा त्यांच्या नाकासमोर धरला.

आयुष्यात पहिल्यांदा चष्मेवाल्यांनी एखादी पाटी पूर्ण वाचली.

"म्हणजे... ते मला मारायला येत नव्हते?"

"नाही. आता येतील."

चष्मेवाले रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. "अगं, पुढे काय आहे ते मला माहीत नाही. आपण कुठे आहोत तेही माहीत नाही. चाळीस माणसं, आणि मी सांगितलं तीन किलोमीटर!"

"मग चला. जाऊन सांगून टाका."

"पळून गेलो तर?"

"कुठे?" सिस्टरबाईंनी विचारलं. "रस्ता माहितीये?"

चढ संपला की पलीकडे सरळ उतार होता. उतारावर बंद मोटरसायकलसुद्धा चालते. दोघं तशीच बिनआवाजाची खाली घसरत निघाली आणि त्या शांततेत खालच्या गावातून बँडचा आवाज येऊ लागला.

आता त्या गावात काय चाललं होतं ते ऐका. तिथे नव्या सार्वजनिक स्वच्छतागृहाचं उद्घाटन होतं. नगराध्यक्षांचं भाषण पंचवीस मिनिटं चाललं होतं आणि समोर नऊ माणसं बसली होती. त्यांपैकी तीन बँडवाले. नगराध्यक्षांना लहान रिबन मंजूर नव्हती, म्हणून रिबन रस्त्याच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणली होती. त्यांनी कात्री उचलली, फोटोग्राफर वाकला, आणि उतारावरून विजेसारखा पोस्टमन आला! दोन्ही हात हवेत, छाती पुढे! रिबन तटकन तुटली आणि त्याच्या छातीला गुंडाळून फडफडत गेली. बँडवाल्यांनी घाबरून एकदम वाजवायला सुरुवात केली.

मागून उरलेले एकोणचाळीस आले. सायकली मिळेल तिथे आडव्या पडल्या. सगळ्यात शेवटी बेकरीवाले उतरले आणि गुडघे एकमेकांना चिकटवून नगराध्यक्षांसमोर उभे राहिले.

"साहेब, रागावू नका. पण इथे जवळपास... शौचालय आहे का हो?"

नगराध्यक्षांनी कात्रीनेच मागे दाखवलं.

चष्मेवाले आणि सिस्टरबाई पोहोचले तेव्हा दारापासून चौकापर्यंत रांग लागली होती. नगराध्यक्ष रुमालाने डोळे टिपत होते. "पाच वर्षं विरोधक विचारत होते, कोण वापरणार, कोण वापरणार!" ते फोटोग्राफरला म्हणत होते. "काढ! सगळी रांग येऊ दे फोटोत!"

चष्मेवाले गाडीवरून उतरले. ते थेट बँडवाल्यांच्या खुर्चीवर चढले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी पायलट नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. शर्यत इथे संपत नव्हती. ती कुठे संपत होती हे मला ठाऊक नाही. मला रस्ताच माहीत नाही. मी पाटी वाचत नाही. आणि त्या तीन कुंड्या मी फोडल्या."

चौक चिडीचूप. चाळीस सायकलस्वार बघतच राहिले. रांगेत पहिला असलेला माणूस दाराच्या कडीला हात घालून तसाच थांबला. पोस्टमनच्या कपाळावरची शीर उडताना दिसली.

आणि त्या शांततेत कोणीतरी हसलं.

सिस्टरबाई! आधी त्यांनी तोंडावर हात दाबला. मग हात निसटला. मग त्यांनी खांब धरला. "विटांच्या भट्टीला... वळसा..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि त्या खांबाला धरून खाली बसल्या, डोळ्यांतून पाणी, श्वास लागलेला. ते हसणं इतकं खरं होतं की बेकरीवाले हसले, बँडवाले हसले आणि शेवटी छातीला रिबन गुंडाळलेला पोस्टमनही हसायला लागला. चष्मेवाले खुर्चीवर उभे राहून फक्त बायकोकडे बघत होते. लोक आता मारणार की सोडणार, याची त्यांना शुद्धच नव्हती.

तेवढ्यात जीप आली. शिट्टीवाले उतरले. ओरडून ओरडून त्यांचा आवाज पार बसला होता. खरा पायलट उशिरा आला, घाईघाईत उजव्या फाट्याने निघाला आणि शेवटच्या रेषेवर एकटाच पोहोचला, असं त्यांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं. तिथे सगळ्या गावाने त्यालाच विजेता समजून खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. आता तो बक्षीस परत द्यायला तयार नव्हता.

"मला शिक्षा करा," चष्मेवाले म्हणाले.

शिट्टीवाल्यांनी त्यांना बाजूला घेतलं. "शर्यतीचं नंतर बघू. त्या कुंड्या माझ्या बायकोच्या होत्या आणि तिला वाटतंय मी फोडल्या. तेवढं एक चिठ्ठीवर लिहून द्याल?"

चष्मेवाल्यांनी लिहून दिलं. खाली सही केली, दुकानाचा पत्ताही घातला.

ऊन कलायला लागलं. सगळ्यांना परत जायचं होतं. पोस्टमनने खटपट करून मोटरसायकल सुरू करून दिली. इंजिनाचा आवाज ऐकताच चष्मेवाल्यांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. त्यांनी हेल्मेट चढवलं, हात उंचावला आणि गर्जना केली, "चला मंडळी, माझ्या मागे!"

एकही चाक हललं नाही. चाळीस माणसं आपापल्या पायडलकडे बघत राहिली.

पोस्टमन खाकरला. "साहेब, राग मानू नका... तुम्ही आमच्या मागून याल का?"

आणि अशी ती मिरवणूक परत निघाली. पुढे जीप, मग चाळीस सायकली आणि सगळ्यांच्या मागे, बेकरीवाल्यांच्या पाठीकडे बघत, ताशी बाराच्या वेगाने चष्मेवाले. चुकायला जागाच नव्हती. समोर चाळीस माणसं वाट दाखवत होती! आंधळ्याने डोळे मिटून यावं असा रस्ता!

तरीही शेवटच्या फाट्यावर सगळे उजवीकडे वळले आणि चष्मेवाले डावीकडे.

सिस्टरबाईंनी ते बघितलं होतं. सायकली लांब जाईपर्यंत त्या वळून बघत राहिल्या. मग नवऱ्याच्या पाठीला टेकून बसल्या आणि चक्क गप्प राहिल्या. त्यांना इतक्यात घरी जायचंच नव्हतं.