तिसऱ्या कॉइलीची कैफियत

श्रीगजाननास दंडवत, कुलस्वामिनीस दंडवत, आणि नाक्यावरील ज्या मारुतीस हात जोडल्यावाचून राज्यातील एकही वाहन दुसऱ्या गिअरात जात नाही, त्यासही दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, मंदवार, ते दिवशी जे वर्तमान जाहले आणि त्याचा शेवट भाऊबिजेस घाटाखाली कैसा लागला, ते ऐकिले तैसे लिहिले आहे. वाचणारास हसू आल्यास हसावे, परंतु आपलेही पोट एकदा चाचपून पाहावे.

कोणे एके ठायी एक राज्य होते. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस नाला, मध्ये सत्तावीस बिऱ्हाडे, आणि खाली मोटारी उभ्या करावयाचे मैदान, त्यास त्या देशी पार्किंग म्हणत. त्यात अकरावी जागा प्रल्हादराव कुदळे यांची आणि बारावी हणमंतराव डुबल यांची. कुदळे हे कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, बोलणे गोड, अक्षर मोत्याचे, परंतु खिळा ठोकावयाचा तर आधी आंगठा सुजवीत. डुबल हे वर्कशॉपातून निवृत्त जाहलेले, एकटेच राहत, बोलणे थोडे, हात मोठे, आणि त्यांचे मोटारीस बारा वर्षे जाहली तरी ती काल शोरूमातून आणिली ऐसे वाटे. राज्यात कोणाचा मिक्सर बंद पडो की कोणाचा नळ गळो, "डुबल भावजींना हाक मारा" ऐसी बोलीच पडली होती. येथवर कुदळे यांची तक्रार नव्हती. परंतु हीच बोली त्यांचे कुटुंब सौभाग्यवती कुमुदिनीबाई यांचे तोंडी दिवसातून तीन वेळा येऊ लागली, आणि मग कुदळे यांचे पोटात जे दुखू लागले त्यास ओवा चालेना की हिंग चालेना. बाईंचे मनी वावगे काही नव्हते, हे कुदळे पुरते जाणत. दुखणे निराळेच होते. लग्नास सव्वीस वर्षे जाहली, त्यात बाईंनी आपणास एकदा तरी 'शाबास' म्हटले काय, हे ते आठवू पाहत आणि आठवत नसे. डुबल याने नळास वायसर बसविला की शाबास, आणि आपण स्टुलावर चढलो की "राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं"! ते एक शाबास मिळावे, आणि डुबल याचे देखत मिळावे, ऐसी हाव त्यांनी मनी धरिली.

तो दसरा आला. डुबल यांनी आपले मोटारीचे बॉनेट उघडिले, फडक्याने इंजिन पुसले, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेविली आणि मोटारीपुढे दगड मांडून नारळ एका घावात फोडिला. बायकामंडळी भोवती जमली. कुमुदिनीबाई बोलिल्या, "अगं बाई, इंजिन आहे की देव्हारा! आमच्याकडे बॉनेट उघडलं तर आधी झुरळंच बाहेर येतील." हे शब्द कानी पडताच कुदळे यांचे अंगाचा तिळपापड जाहला. मनी म्हणो लागले, याने दगडावर फोडिला काय, मी इंजिनावरच फोडतो! पूजा करावी तर शस्त्राची करावी, शस्त्रापुढल्या फरशीची काय म्हणून? मग बॉनेट वर केले आणि इंजिनावरील काळे झाकण उपटून बाजूस ठेविले. आत चार कॉइली एका रांगेत बसल्या होत्या. कॉइल म्हणजे वीतभर काळे नळकांडे, बॅटरीच्या विजेची ठिणगी करून पेट्रोलास पेटविते, आणि दर सिलिंडरास एक ऐसे खोल भोकात उभे असते. त्या चौघींस कुदळे यांनी हळदकुंकू वाहिले, तांब्याभर पाणी शिंपडिले, आणि "हर हर महादेव" ऐसी गर्जना करून नारळ इंजिनाचे लोखंडी कडेवर आपटिला. तिसऱ्या घावास फुटला. पाणी सर्वत्र गेले आणि करवंटीच्या ठिकऱ्या उडाल्या. डुबल यांनी "अहो साहेब..." इतकेच म्हटले, आणि कुदळे यांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की पुढला शब्द त्यांनी गिळून टाकिला. बाईंनी मात्र फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर धाडिला आणि खाली लिहिले, 'यंदा आमच्याकडे थाटात!' तो फोटो वाचणाराने ध्यानी ठेवावा.

पुढे पंधरा दिवसही गेले नाहीत तो कुदळे यांची मोटार चढावर गचके देऊ लागली, डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, आणि सिग्नलास उभी राहिली की म्हाताऱ्यासारखी थरथरू लागली. गॅरेजवाल्याने कान लावून निदान केले, "साहेब, मिसिंग मारतेय. कॉइल गेली असणार." आणि इतके सांगून तो दिवाळीस गावी निघून गेला. इकडे भाऊबीज तोंडावर आली. बाईंचे बंधू दिगंबरराव घाटाखाली राहत, आणि सव्वीस वर्षांत बाईंची एकही भाऊबीज चुकली नव्हती. बाई म्हणाल्या, "अहो, डुबल भावजींना सांगा ना. त्यांना तासाभराचं काम."

कुदळे कडाडले, "डुबलांचा हात माझ्या गाडीला लागायचा नाही! मी करतो."

"तुम्ही?" बाई हसल्या नाहीत, हेच अधिक लागले. "करा बाई. पण भाऊबिजेला सकाळी सातला मी निघणार. तुमची गाडी नसली तर भावजींना सांगेन, ते नेतील. मी पुढे बसेन, मला मागे मळमळतं. तुम्ही मागे बसा डबे घेऊन."

डुबल याचे मोटारीत, मागले आसनावर, मांडीवर अनारशांचा डबा घेऊन आपण सासुरवाडीस उतरत आहो, हे चित्र कुदळे यांचे डोळ्यांपुढून रात्रंदिवस हलेना. मग त्यांनी बाजारात जाऊन चार नव्या कॉइली आणिल्या, पान्यांची लाल पेटी आणिली, कॉइली बदलावयाचा व्हिडिओ पाच वेळा पाहिला, आणि पाडव्याचे दिवशी ओवाळून घेऊन सकाळी दहाचे सुमारास मैदानात उतरले. तो बाराव्या जागी डुबल स्टूल टाकून चहा पीत बसलेलेच! बोलत काही नव्हते, हसत नव्हते, नुसते पाहत होते. आणि त्यात बाईंनी फराळाचे ताट आणून डुबल यांचे हाती दिले. कुदळे यांनी तिरक्या डोळ्याने पाहिले तो ताटातील चकल्या सगळ्या अखंड. घरी आपल्या ताटात सकाळी आलेल्या, त्या मोडक्या! सव्वीस वर्षांत मोडक्या चकल्या खाऊन आपण कधी चकार शब्द काढिला नाही, आणि या डुबल्यास अखंड? ते ऐसे जळफळले की पाना हातून निसटून चाकाखाली गेला.

तरी काम हाती घेतले. बॅटरीची तार सोडिली, काळे झाकण काढिले, कॉइलीवरील वायरीची खिट्टी दाबून उपसली, दहा नंबरचा बोल्ट सोडिला, आणि कॉइल किंचित पिळून वर ओढिली तो 'पॉक' ऐसा आवाज होऊन हाती आली. कुदळे यांस मोठा हर्ष जाहला. पहिली बदलिली, दुसरी बदलिली. आता व्हिडिओवाल्याने बजावून सांगितले होते की नवी कॉइल बसविण्याआधी भोकात हातबॅटरीचा उजेड मारून पाहावे. बॅटरी खिशातच होती. परंतु डोके खाली घालून भोकात डोकावू लागलो तर हा डुबल म्हणेल, नवशिका आहे. म्हणून कुदळे यांनी मान ताठ ठेविली आणि न पाहताच तिसरी आत खुपसली. ती जरा वर राहिली. मग त्यांनी दात खाऊन बोल्ट आवळिला. चौथीही बसविली, तार जोडिली, चावी फिरविली. इंजिन सुरू जाहले आणि पूर्वीसारखेच गचके देऊ लागले, किंबहुना दोन अधिकच.

तीन वेळा बंद केले, तीन वेळा सुरू केले. घामाने सदरा भिजला. वरून गॅलरीतून बाईंनी हाक मारिली, "झाली का हो?" तेव्हा डुबल स्टुलावरून उठले, जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, राग मानू नका. तिसरी जरा उंच दिसतीय."

"ती तशीच असते," कुदळे म्हणाले.

"असंल. बघू का?"

कुदळे यांचे नाकास जणू मिरच्या झोंबल्या. परंतु जिन्यात बाईंचे पैंजण वाजले, डोळ्यांपुढे मागले आसन आणि अनारशांचा डबा आला, आणि ते दात आवळून बोलिले, "बघा. पण लवकर."

डुबल यांनी तिसरी कॉइल वर काढिली आणि भोकात बॅटरी मारिली. तळाशी पाणी, पाण्यास कुंकवाचा रंग, आणि पाण्यात करवंटीची नखाएवढी ठिकरी. दसऱ्याचे नारळपाणी तेथे मुरले होते, आणि कडेस अडकलेली ठिकरी जुनी कॉइल उपसताना आत पडली होती. डुबल यांनी लांब चिमट्याने ती बाहेर काढिली. ठिकरीकडे पाहिले, कुदळ्यांकडे पाहिले. कुदळे यांचे तोंड चुन्यागत पांढरे जाहले. तो बाई येऊन ठेपल्याच. "काय निघालं हो भावजी?"

डुबल यांनी मूठ मिटली. "काही नाही वहिनी. साहेबांनी सगळं बरोबर केलंय. जरा ओल होती." मग भोक फडक्याने टिपून कोरडे केले, कॉइल कुदळ्यांचेच हाती दिली आणि म्हणाले, "बसवा साहेब." कुदळे यांनी बसविली, चावी फिरविली, आणि इंजिन ऐसे सुरळीत चालले की चालते आहे की नाही कळेना. बाईंनी पदराने नवऱ्याचे कपाळ पुसले आणि मोठ्याने म्हणाल्या, "शाबास!"

सव्वीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते शाबास कानी पडले, डुबल याचे देखत पडले, आणि कुदळे यांचे घशाखाली उतरेना. डुबल जाताना हलकेच म्हणाले, "जुन्या तीन चांगल्या आहेत, डिकीत ठेवा," आणि ठिकरी त्यांचे खिशात सोडून वर गेले. कालवर डुबल याचे हात मोठे म्हणून कुदळे जळत होते, आजपासून त्याचे मन मोठे निघाले म्हणून जळू लागले. रात्रभर म्हणत होते, मेल्याने बोलून तरी टाकावयाचे होते!

दुसरे दिवशी, कार्तिक शुद्ध द्वितीया, आदितवार, मोटार झोकात घाट उतरली. माहेरी पाय ठेवताच बाईंनी पाटावर बसावयाचे आधीच सर्वांस सांगितले की आमच्या ह्यांनी इंजिन खोलून कॉइली बदलल्या, स्वतःच्या हातांनी. सासुरवाडीची मंडळी डोळे विस्फारून पाहू लागली. तो दिगंबरराव पुढे जाहले. या दिगंबररावांची एक चाल होती. कुदळे यांनी जे घ्यावे ते यांनी महिन्याभरात घ्यावे. टीव्ही तोच, सोफा तोच, आणि दाराशी मोटारही तीच, रंग तेवढा निराळा. ते म्हणाले, "दाजी, माझीही गाडी मिसिंग मारतीया. बघता का जरा?"

कुदळे यांचे पायांखालील जमीन सरकली. परंतु अवघे माहेर अंगणात जमले, बाई कौतुकाने पाहत उभ्या राहिल्या, सुटका नव्हती. लाल पेटी काढिली, बॉनेट उघडिले. तो इंजिनावर कुंकवाचे सुकलेले ओघळ! कुदळे चमकले. दिगंबररावांनी बायकोकडे चोरून पाहिले आणि कानाशी लागून म्हणाले, "आक्कानं तुमचा दसऱ्याचा फोटो पाठवला होता ना. आमची ही म्हणाली, बघा दाजींचा थाट, नाहीतर तुम्ही! मग मीपण इंजिनावरच फोडला. दोन फोडले."

"दोन का?"

"तुम्ही एक फोडला होता ना," दिगंबरराव म्हणाले.

खरे लिहावे तर कुदळे यांस प्रथम आनंदच जाहला. आपल्याही नावाने कोणाचे पोट इतकी वर्षे दुखत आहे, हे कळून छाती दोन बोटे फुगली. मग त्यांनी मान खाली घातली, डोके आत घातले, बॅटरी मारिली, आणि सर्वांदेखत एकेका भोकात निरखून पाहिले. दुसऱ्या कॉइलीपाशी तांबडे पाणी आणि ठिकरी सापडली. ती चिमट्याने काढिली तोच दिगंबररावांचे कुटुंब पुढे येऊन विचारिते जाहले, "दाजी, काय निघालं? ह्यांनी काही घाण करून ठेवलीय का?" दिगंबररावांचे तोंड चुन्यागत पांढरे जाहले. ते पांढरे तोंड कुदळे यांचे पुरते ओळखीचे होते.

त्यांनी मूठ मिटली. करवंटीची धार तळव्यास रुतली. "काही नाही वहिनी. गाडी फार चांगली ठेवलीय त्यांनी. जरा ओल होती." मग भोक कोरडे केले, डिकीतील जुनी कॉइल आणून ती दिगंबररावांचेच हाती दिली आणि म्हणाले, "बसवा." मोटार सुरळीत चालली, आणि दिगंबररावांचे कुटुंब नवऱ्याकडे पाहून हसले. कुदळे यांनी दुसरी ठिकरी पहिलीजवळ खिशात टाकिली आणि हात धुवावयास आडावर गेले. 

एकंदर मजकूर इतका की इंजिनांवर नारळ तीन फुटले, ठिकऱ्या दोन निघाल्या, आणि मत्सर कोठेही उपसून निघाला नाही. कुदळे आजही डुबल यांचे इंजिनाकडे पाहून सुस्कारा सोडतात. मात्र पुढले साली दसऱ्यास त्यांनी नारळ दगडावरच फोडिला. चार घाव लागले. दगड हलू नये म्हणून डुबल यांनी तो वाकून दोही हातांनी धरिला होता, आणि कुदळे यांचा नेम ठाऊक असूनही हात काढिला नाही. नारळ फुटला तेव्हा कुमुदिनीबाई मोठ्याने "शाबास" म्हणाल्या. ते दोघांतील कोणास म्हटले, हे कुदळे यांनी विचारिले नाही. लेखनसीमा.