तेजस्वीची चौकशी

पन्हाळ्यावरच्या एकवीस सार्वजनिक स्वच्छतागृहांची यादी ऑफिसला इंग्रजीत हवी होती, तीही संध्याकाळपर्यंत. तेजस्वी म्हणाली, कशाला डोकं पिकवायचं? धाकट्या भावानं, यशराजनं, तिच्या लॅपटॉपवर एक परदेशी एआय फुकटात उतरवून दिलाच होता. तिनं यादी त्यात टाकली आणि दोन मिनिटांत इंग्रजी हातात! मग काय, चटकच लागली. पुढचे तीन महिने ऑफिसचा प्रत्येक कागद त्याच्याच पोटातून जाऊ लागला.

आणि सोमवारी सकाळी परिपत्रक आलं. परदेशी एआयमुळे देशाच्या सुरक्षेस धोका असून, त्यात कार्यालयीन माहिती भरणाऱ्यांची 'चौकशी' करण्यात येईल.

तेजस्वीच्या हातातला स्टेपलर खाली पडला. (तो तसा रोजच पडायचा. स्वतःचा फोन वाजला तरी दचकणारी पोरगी ती.) नोकरी कंत्राटी, मार्चमध्ये कायम व्हायची आशा. आता कसली कायम! गडावरच्या एकवीस जागा शत्रूला कळल्या होत्या, 'दाराची कडी मोडकी' या शेऱ्यासकट. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली बसून तिनं तो एआय पुसून टाकला आणि संध्याकाळी मंगळवार पेठेत घरी परतली.

गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या बाळाबाई उभ्या.

"अगं, हुतीस कुठं? पावणं आल्यात दोघं. तुझी चौकशी कराय!"

"कसली चौकशी?"

"समदीच की! हापिस कुठं, जाती कधी, येती कधी. मी सांगितलं, पोरगी सदा त्या लॅपटॉपात तोंड घालून असती."

"असं सांगितलंत?"

"मग? खोटं सांगू व्हय?" बाळाबाई तोंडभरून हसल्या. (माणसाला पकडून देताना इतकं गोड हसता येतं, हे तेजस्वीला आजच कळलं.)

घरात दोन माणसं ताठ बसलेली. बारीक कापलेले केस, पिळदार मिशा. आत आई पोह्यांना फोडणी देत होती. (तपासाला आलेल्यांना पोहे! बिचारीला कशाचीच कल्पना नव्हती.)

"बसा," थोरल्या मिशांचे गणपतराव म्हणाले. "नोकरी पक्की हाय?"

"आज सकाळपर्यंत होईलसं वाटत होतं."

"हे बघा, आमचं म्हणणं एकच. काय असंल ते आधी सांगायचं. मागनं कळलं की लई वाईट."

संपलं! म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. तेजस्वीचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं, काका. तो परदेशी आहे."

"कोण?"

"फुकटात मिळाला म्हणून भावानंच आणून दिला. तीन महिने होता माझ्याकडं."

"हितं? घरात?"

"ऑफिसातपण न्यायचे. त्याच्याशिवाय माझं पानही हलत नव्हतं."

पोह्यांच्या बशा घेऊन आलेली आई दारातच थिजली.

"आईस्नी ठावं हाय?"

"नाही. पण आता नाहीच तो! आज दुपारीच संपवला मी त्याला. जिन्याखाली. मागमूससुद्धा ठेवला नाही."

एक बशी फुटली. गणपतरावांबरोबरचे पावणे उठून चपला शोधू लागले. नशिबानं त्याच वेळी यशराज घरात शिरला. सगळा प्रकार कळल्यावर तो कपाळाला हात लावून खालीच बसला.

"ओ काका, एआय म्हनती ती! कॉम्प्युटरमधला! आणि ताई, हे तुला बघाय आल्यात. लग्नासाठी. आधी सांगितलं तर तू ताप आणून घेतीस, म्हणून आई गप बसलेली."

"आणि माझी नोकरी? ती माहिती परदेशात गेली त्याचं काय?"

"कशानं जाईल? तो आपल्याच लॅपटॉपवर चालायचा, नेटबिगर. त्यातनं एक अक्षर भायेर गेलं न्हाई."

म्हणजे तीन महिन्यांत माहिती फुटली ती एकाच ठिकाणाहून. आत्ता, पोह्यांसमोर.

पावणे पोट धरून हसले. तेजस्वीच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि सुटकेच्या भरात तिनं उरलेलंही सांगून टाकलं. परिपत्रक, मोडक्या कड्या, शिवाय साहेबांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या बायकोचं माहेरचं नाव, हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

"पोरगी गुणाची हाय, वैनी. पर आमचा पोरगा पडला फौजेत. त्या परदेशी एआयचं सोडा ओ, देशाच्या सुरक्षेला तुमची तेजस्वी झेपायची न्हाई!"