खळ्यातला कब्बाला

कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या. ती आचऱ्याच्या वाचनालयात सोप्या मराठीत समजावून सांगायचं मी छाती ठोकून कबूल केलं होतं! जन्मभर पोरांना भूमिती शिकवलेला माणूस मी. दहा वर्तुळं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, त्यात काय एवढं?

तालीम म्हणून सकाळीच अख्खं खळं, म्हणजे आमचं अंगण, व्यापेल अशी ती आकृती चुन्याने काढली. सगळ्यात वर 'मुकुट', तळाला 'राज्य', मध्ये शहाणपण, समज, दया, कठोरपणा... देवाचं तेज म्हणे एकेका वर्तुळातून झिरपत खाली आपल्यापर्यंत येतं. काढता काढता मीच हरखलो. इतकं सुंदर काही माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या काशीबाई फुलं न्यायला आल्या आणि फाटकातूनच किंचाळल्या, "किशोरी गो! तुमच्या खळ्यात कोणीतरी करणी केल्यान!"

झालं! आंब्याच्या पेट्या उचलायला आलेले गडी रस्त्यावरच थिजले. घरामागच्या मांगराच्या खोपटात यंदाचा सगळा हापूस भरलेला, टेम्पो फाटकाबाहेर रस्त्यावर उभा, दोन्ही बाजूंना गडग्यांच्या दगडी भिंती आणि वाट फक्त खळ्यातून! आज माल गेला नाही तर तिथेच पिकून सडणार.

"अरे, मीच काढलंय ते!" मी ओरडलो.

टेम्पोवाला लवू झटकन मागे सरला. "गुरुजी, तुमी? तुमी कधीपासून ह्या करूक लागलात?"

किशोरीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, कपाळावर हात मारला. "आता दाजींकाच बोलवा!"

दाजी गावचे मानकरी. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायचा मान त्यांचा. ते नारळ घेऊन आले, वर्तुळं न्याहाळली. "गुरुजी, ह्या काय आसा ता आधी सांगा. माका कळल्याशिवाय मी गाराणा कसा घालू?"

मी सांगू लागलो. आधी नुसता तोच होता. नाव नाही, रूप नाही, अंत नाही. जगाला ठेवायला जागाच नव्हती! मग तो स्वतःच आक्रसला आणि त्या मोकळ्या जागेत जग मावलं. त्याचं तेज भांड्यांत मावेना, भांडी फुटली, ठिणग्या चहूकडे विखुरल्या. माणसाने चांगलं वागून त्या वेचायच्या.

फाटकापाशी गडी माना पुढे काढून ऐकत होते.

दाजींनी नारळ कपाळाला लावला. "बा देवा म्हाराजा! जेका नाव नाय, जेका अंत नाय, असो तू! आमका जागा व्हयी म्हणान मागे सरलंस. तुझो उजेड आमच्या खळ्यात सांडलो आसा. तो वेचूची बुद्धी आमका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात गरजले.

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तो चुना मला खरंच उजळल्यासारखा वाटला.

"चला रे, उचला पेट्या!" मी डोळे पुसत म्हटलं.

कोणी हलेना.

"लवू, आता कसली भीती?"

"भिती नाय, गुरुजी!" त्याने चपला काढून हात जोडले. "पण हेच्यार पाय कसो देवचो?"

चुना धुऊन टाकायला मी पाण्याची बादली उचलली, तर काशीबाईच आडव्या आल्या. "खबरदार! देव आसा थंय!"

बघता बघता वर्तुळावर्तुळात फुलं पडली, उदबत्त्या लागल्या. किशोरी माझ्याकडे नुसती बघत होती. मी तिची नजर चुकवून उगाच झेंडूची फुलं सारखी करत बसलो. दुसरं करणार तरी काय? हापूस मांगरात, टेम्पो रस्त्यावर आणि मधोमध साक्षात अनंत!