निळी डबी, पांढरी डबी

रेफरींच्या घरात निळी डबी वॉशिंग मशीनमध्ये असे आणि पांढरी चपलांच्या कपाटात. दोन्ही डब्यांना सात-सात खण होते, सोमवार ते रविवार, आणि खणांत गोळ्या. निळी डबी दर बुधवारी मुलगी येऊन भरे, पांढरी दर रविवारी मुलगा. जो येईल त्याचीच डबी तेवढी टेबलावर येई. दुसऱ्या डबीचा पत्ता दोघांनाही नव्हता.

रेफरी म्हणजे शाळेतले निवृत्त खेळशिक्षक. तीस वर्षं त्यांनी व्हॉलीबॉलच्या सामन्यांत शिट्टी वाजवली, पण पक्षपात केला असं एकही संघ म्हणाला नाही. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको गेली. तिला कोणत्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, यावरून भाऊ-बहिणीचं हॉस्पिटलच्या जिन्यातच वाजलं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. वडिलांना एकाच आठवड्यात मुलगी तिच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, मुलगा त्याच्या. रक्तदाब दोघांनाही वाढलेला दिसला आणि दोघांनीही गोळी लिहून दिली. एकाची गोळी घ्यायची आणि दुसऱ्याची फेकायची, हे रेफरींच्या मनाला पटेना. ते दोन्ही घेऊ लागले.

महिन्याभरात ते बाथरूममध्ये पडले. लागलं काही नाही, पण मुलगी म्हणाली, "आता एकदा जरी पडलात ना बाबा, घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." चार दिवसांनी मुलगाही शब्दाला शब्द तेच म्हणाला, फक्त "माझ्याकडे" म्हणजे त्याच्याकडे. रेफरींनी फ्रिजकडे पाहिलं. त्यावर बायकोच्या अक्षरात प्लंबर, इस्त्रीवाला, गॅसवाला यांचे नंबर चिकटवलेले होते. हे सोडून सहा महिने इथे, सहा महिने तिथे, पार्सलासारखं फिरायचं. त्यांनी ठरवलं, आता पडायचं नाही.

पण नुसतं ठरवून कुठे भागतं?

"बाबा, भिंतीला धरून का चालताय?" मुलीने विचारलं.

"भिंत जरा कललीय असं वाटतं."

"भिंत नाही, तुम्ही कललाय."

तिच्या डॉक्टरने चक्करेवर गोळी दिली. त्या गोळीने झोप येई. रविवारी मुलगा आला तेव्हा रेफरी खुर्चीत गाढ झोपले होते, तोंडात दात घासायचा ब्रश तसाच.

"बाबा, अकरा वाजलेत."

"रात्रीचे?"

"दिवसाचे. रात्री झोप लागत नाही का?"

दिवसभर झोपणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागणार? पण तेवढं सांगायचं तर चक्करेची गोळी निघाली असती, तिच्यामागून निळी डबी. रेफरी नुसतं "नाही" म्हणाले. मुलाच्या डॉक्टरने झोपेची गोळी दिली. तिचाही अंमल सकाळी लवकर उतरत नसे, त्यामुळे आता भिंतीबरोबर फरशीही कलू लागली. निळीत रोज दोन गोळ्या, पांढरीत दोन. बरोबरी झाली, एवढंच काय ते समाधान.

औषधाचं दुकान त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावर होतं. तोंडाला कोरड पडते म्हणून ते चघळायच्या गोळ्या आणायला उतरले, स्टुलावर टेकले आणि उठताना काउंटरवरच कोसळले. दुकानाच्या बाईंनी त्यांना धरून बसवलं आणि रक्तदाब मोजला. बसून एकशे दहा. उभं केल्यावर ब्याऐंशी.

"काका, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी मला दाखवा. मीच येते वर."

वर आल्यावर रेफरींनी आधी चपलांचं कपाट उघडलं. मग घसा खाकरून म्हणाले, "बाकीची वॉशिंग मशीनमध्ये आहेत."

"वीस वर्षं हे काम करतेय," बाई आत हात घालत म्हणाल्या, "धुवायला टाकलेली औषधं पहिल्यांदाच बघतेय."

गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं त्यांनी वाचली. मग दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. "कंपन्या दोन, नावं दोन, आतलं औषध एकच. दुप्पट घेताय तुम्ही. म्हणून चक्कर. चक्करेच्या गोळीने झोप, आणि झोपेचं सगळं उलटंसुलटं झालं म्हणून ही चौथी. मुलांना सांगायला हवं."

"सांगितलं तर घर जाईल."

"नाही सांगितलं तर तुम्ही जाल."

"तिसरं काही?"

"तीन मजल्यांचा जिना आहे. त्यावरून पडलात तर दुकानात लवकर पोचाल."

रेफरींनी नंबर दिले. बाईंनी दोन्ही डॉक्टरांना फोन केले, मुलांनाही. मनाने काही बंद करू नका, असं रेफरींना बजावलं. दोघा डॉक्टरांनी बोलून ठरवलं: रक्तदाबाची एकच गोळी, चक्करेची बंद, झोपेची हळूहळू कमी. आणि मुलांकडून बाईंनी कबूल करून घेतलं: डबी एकच, सकाळ-रात्रीच्या वेगळ्या खणांची, दोघांनी समोरासमोर बसून भरायची. महिनाभर चक्कर आली नाही तर घराचा विषय कोणी काढायचा नाही.

चौथ्या शनिवारी भिंती सरळ होत्या. झोपेच्या गोळीचा आता अर्धा तुकडाच उरला होता. बाईंचा फोन आला, "आता एवढंसंच आहे, काका. डबी तुमची तुम्हीच भरू शकाल."

"छे हो. नजर कुठे चालते आता?" रेफरी म्हणाले.

टेबलाशी मुलं डबी भरत होती.

"दादा, रात्रीची आहे ती. सकाळच्या खणात काय घालतोस?"

"रात्रीच्याच खणात घातली. चष्मा पूस आधी."

"आईला पण असंच म्हणायचास."

"तिचा खरंच खराब असायचा."

मुलगी हसली, आणि तिच्या हातातला अर्धा तुकडा निसटून खाली गेला. दोघंही टेबलाखाली शिरली. "तिकडे बघ." "डोकं बाजूला घे तुझं." "आई हेअरपिनसुद्धा अशीच शोधायची, आठवतं?" "आणि ती तिच्या केसातच असायची."

तुकडा रेफरींना स्वच्छ दिसत होता. खुर्चीच्या पायाशी, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर.

"बाबा, तुम्हाला दिसतोय का कुठे?" खालून मुलाने विचारलं.

"नाही रे," रेफरी म्हणाले आणि त्यांनी पायातली चप्पल हळूच तुकड्यावर ठेवली.